मोझार्टच्या ‘डॉन जिओव्हानी’वरील लिस्टची पियानो-रचना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही नेमकी कोणती रचना आहे?

‘रेमिनिसान्स द दाँ ज्वाँ’, म्हणजे ‘डॉन जुआनच्या आठवणी’, ही फ्रांझ लिस्टने १८४१ मध्ये एकट्या पियानोसाठी रचलेली, सोळा-सतरा मिनिटे चालणारी रचना आहे. तिचे सगळे मुख्य संगीत वोल्फगांग आमाडेउस मोझार्टच्या ‘डॉन जिओव्हानी’ या ऑपेरातून आलेले आहे. तो ऑपेरा प्रागमध्ये २९ ऑक्टोबर १७८७ रोजी प्रथम सादर झाला आणि त्याची इटालियन संहिता लोरेन्झो दा पोन्ते याने लिहिली होती. डॉन जुआन आणि डॉन जिओव्हानी ही एकाच पात्राची नावे आहेत, पहिले स्पॅनिश आणि दुसरे इटालियन. लिस्टची रचना १८४३ मध्ये छापून आली आणि ती डेन्मार्कचा राजा आठवा क्रिस्तियान याला अर्पण केलेली आहे. लिस्टच्या रचनांच्या प्रचलित सूचीत तिचा क्रमांक ‘एस. ४१८’ असा आहे, त्यामुळे ध्वनिमुद्रणे शोधताना नावाच्या वेगवेगळ्या लेखनांपेक्षा हा क्रमांक अधिक उपयोगी पडतो.

एक खुलासा आधीच केलेला बरा. या ऑपेरात एका यादीला फार महत्त्व आहे आणि संगीतकाराचे आडनावही लिस्ट आहे. घोटाळा टाळण्यासाठी येथे ‘लिस्ट’ म्हणजे नेहमी माणूस आणि ‘यादी’ म्हणजे यादी, असा नियम पाळला आहे.

ऑपेरा पाहिलेला नसेल तर कथा किती माहीत असावी?

संपूर्ण कथा माहीत असण्याची गरज नाही, पण तीन प्रसंग मात्र डोळ्यांसमोर असावेत.

डॉन जिओव्हानी हा स्त्रियांना फशी पाडणारा सरदार आहे. त्याचा नोकर लेपोरेल्लो मालकाच्या विजयांची यादी ठेवतो आणि ती एका प्रसिद्ध गीतात वाचूनही दाखवतो: इटलीत ६४०, जर्मनीत २३१, फ्रान्समध्ये १००, तुर्कस्तानात ९१ आणि स्पेनमध्ये १००३. ऑपेराच्या आरंभीच डॉन्ना आन्ना या तरुणीच्या घरात शिरलेला डॉन तिच्या वडिलांना, म्हणजे कोमेंदातोरेला, द्वंद्वात ठार करतो. पुढे झेर्लिना या खेडवळ मुलीच्या लग्नाच्या मिरवणुकीतच तो तिला गाठतो, नवऱ्या मुलाला चलाखीने दूर पाठवतो आणि तिच्याबरोबर ते जगप्रसिद्ध युगुलगीत गातो. हा झाला पहिला प्रसंग. दुसऱ्या प्रसंगात तो रात्रीच्या मेजवानीचा बेत लेपोरेल्लोला धापा टाकल्यासारख्या वेगाने सांगतो आणि सकाळपर्यंत यादीत दहा नावांची भर पडली पाहिजे, असे बजावतो. तिसरा प्रसंग स्मशानातला आहे. तेथे कोमेंदातोरेचा दगडी पुतळा बोलू लागतो, डॉन त्याला थट्टेने जेवायला बोलावतो आणि पुतळा खरोखरच येतो. पश्चात्ताप करण्यास नकार देणाऱ्या डॉनला तो नरकात नेतो.

लिस्टने यातले काय घेतले आणि काय सोडले?

त्याने वर सांगितलेले तीन प्रसंगच घेतले: पुतळ्याची धमकी, झेर्लिनाबरोबरचे युगुलगीत आणि मेजवानीचे गीत. डॉन्ना आन्नाचा शोक, डॉनने पूर्वी टाकून दिलेल्या एल्विराचा संताप, आन्नाचा वाग्दत्त वर ओत्ताव्हियो याची नाजूक गीते, एवढेच नव्हे तर यादीचे गीतसुद्धा त्याने वगळले. सुमारे तीन तासांच्या ऑपेरातून तीनच गोष्टी उचलायच्या म्हटल्यावर त्या कोणत्या, हा निर्णयच महत्त्वाचा ठरतो. लिस्टने निवडलेल्या तीन गोष्टी म्हणजे मोह, मस्ती आणि मृत्यू. त्यामुळे ही रचना ‘ऑपेरातील लोकप्रिय गाण्यांची माळ’ राहत नाही, ती त्या ऑपेराचे एक वाचन होते. शब्दांत टीकालेख लिहिण्याऐवजी लिस्टने तो पियानोवर लिहिला, असे म्हटले तरी चालेल.

ऑपेरात डॉन नरकात गेल्यावर उरलेली सहा पात्रे एकत्र येऊन ‘दुर्जनाचा शेवट असाच होतो’ असा बोध सांगणारे गीत गातात. एकोणिसाव्या शतकातील प्रयोगांत हे गीत बरेचदा गाळले जाई, कारण त्या पिढीला डॉनच्या विनाशात बोधापेक्षा भव्यता अधिक दिसत होती. ई. टी. ए. हॉफमनच्या १८१३ मधील ‘डॉन जुआन’ या कथेने तर त्याला अप्राप्य आदर्शाच्या मागे धावणारा शोकात्म नायक करून टाकले होते. लिस्टच्या रचनेतही बोधाला जागा नाही. हा त्याच्या एकट्याचा विक्षिप्तपणा नव्हता, त्याचा काळच त्या ऑपेराकडे असे पाहत होता.

कथेत शेवटी येणारा पुतळा रचनेच्या सुरुवातीलाच का येतो?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारला जातो आणि रचनेची किल्लीही याच प्रश्नात आहे.

मोझार्टच्या ऑपेरात युगुलगीत आणि मेजवानीचे गीत पहिल्या अंकात येतात, तर बोलणारा पुतळा दुसऱ्या अंकात. लिस्टने हा क्रम उलटवला. त्याची रचना स्मशानातील पुतळ्याच्या वाक्यांनी सुरू होते. पहिल्या वाक्याचा अर्थ ‘पहाट होण्याआधीच तुझे हसणे थांबेल’ असा आहे आणि दुसऱ्याचा ‘उद्दाम पाप्या, मेलेल्यांना शांततेत राहू दे’ असा. मूळ ऑपेरात या वाक्यांना ट्रॉम्बोन या पितळी वाद्यांची साथ आहे. मोझार्टने ही वाद्ये तोपर्यंत जाणूनबुजून गप्प ठेवलेली असतात, त्यामुळे ती वाजताच नाट्यगृहाची हवा बदलते. पियानोला ट्रॉम्बोन नाहीत. लिस्ट त्यांच्या जागी खालच्या सप्तकांतील जड स्वरसमूह, मोकळी सोडलेली शांतता आणि पेडलखाली घुमत राहणारा नाद वापरतो. पाठोपाठ, पुतळा जेवायला येतो त्या प्रसंगातील चढत्या-उतरत्या स्वरमालिका येतात आणि पियानोचा तळ हलल्यासारखा वाटतो.

परंतु शेवटाला आरंभी आणण्याची कल्पना मुळात लिस्टची नाही, ती मोझार्टची आहे. ‘डॉन जिओव्हानी’च्या ओव्हर्चरची, म्हणजे पडदा उघडण्यापूर्वी वाजणाऱ्या वाद्यवृंदाच्या भागाची, सुरुवात पुतळ्याच्या आगमनाच्या याच संगीताने होते. डी मायनर या गडद स्वरपट्टीतील ते काही गंभीर क्षण संपले की डी मेजर या उजळ पट्टीतील वेगवान संगीत असे काही सुरू होते, की जणू वाईट काही ऐकलेच नव्हते. ऐकणाऱ्याला मात्र शेवट आधीच सांगून झालेला असतो. लिस्टने ही युक्ती ओळखली आणि ती ओव्हर्चरपुरती न ठेवता आपल्या संपूर्ण रचनेचा पाया केली. पुतळ्याची धमकी ऐकल्यानंतर येणारे युगुलगीत मग निरागस राहूच शकत नाही. सूर तेच असतात, पण ते गाणारा माणूस संपलेला आहे, हे आपल्याला ठाऊक असते. ‘आठवणी’ हे शीर्षक लिस्टने इतर ऑपेरांवरील रचनांनाही दिले आहे, पण ते सर्वांत सार्थ वाटते ते येथेच.

युगुलगीताच्या भागात नेमके काय ऐकावे?

मूळ गीताचे पहिले शब्द ‘ला ची दारेम ला मानो’ असे आहेत. तिथे आपण हातात हात घालू, तिथे तू मला हो म्हणशील, असे डॉन म्हणतो. झेर्लिनाचे उत्तर दोन शब्दसमूहांत मावते: ‘व्होर्रेइ ए नॉन व्होर्रेइ’, म्हणजे हवेसे वाटते आणि नकोसेही.

हे हवे-नको मोझार्टने केवळ शब्दांवर सोडलेले नाही. पाश्चात्त्य स्वरलेखनात दोन उभ्या रेषांमधील एका घराला बार म्हणतात. डॉनचे पहिले वाक्य आठ बारांचे, अगदी नीटनेटके आहे. झेर्लिना तीच चाल परत गाते, पण तिचे वाक्य दहा बारांचे होते, कारण शेवटी ती घुटमळते. पुढे दोघांची वाक्ये आखूड होत जातात, उत्तरे लवकर येऊ लागतात, एकाचे संपण्याआधी दुसऱ्याचे सुरू होते आणि अखेरीस ताल बदलून दोघे एकत्र गाऊ लागतात. तीन-साडेतीन मिनिटांत एका मुलीचा निर्धार कसा विरघळतो, हे केवळ वाक्यांच्या लांबीवरून कळते. ऑपेरात ऐन वेळी एल्विरा मध्ये येऊन हा डाव उधळते. लिस्टच्या रचनेत तिला प्रवेश नाही, त्यामुळे तेथे डॉनला अडवणारे कोणी नाही.

पियानोवर गायक नसतात आणि शब्दही नसतात, तरीही संवाद कळला पाहिजे. त्यासाठी लिस्ट पियानोची उंची वापरतो. डॉनची चाल मधल्या पट्टीत, पुरुषी आवाजाच्या टप्प्यात येते, तर झेर्लिनाची वर, उजळ सप्तकात. वाक्यांच्या टोकांना तो नाजूक ताना जोडतो. या ताना केवळ नक्षी आहेत असे समजून वादक त्या घाईने उरकतात, तेव्हा संवादाचा सारा रंग जातो. त्या थोड्या रेंगाळल्या पाहिजेत, कारण घुटमळणारी झेर्लिना आता त्यांतच उरलेली आहे. कानाला सवय झाली की दोन हातांत दोन माणसे उभी असल्याचा भास होतो.

यानंतर त्याच चालीची दोन बदललेली रूपे, म्हणजे व्हेरिएशन्स येतात. पहिले रूप ऐटबाज आणि खेळकर आहे. दुसऱ्यात दागिने इतके वाढतात की चाल त्यांच्याखाली दबू लागते. प्रस्तुत लेखकाला हा भाग थोडा लांबल्यासारखा नेहमीच वाटत आला आहे, परंतु मोहाचे रूपांतर उन्मादात होताना दाखवायचे तर थोडा अतिरेक हवाच, असेही कोणी म्हणू शकेल. मेजवानीकडे जाताना पुतळ्याचे संगीत पुन्हा डोकावते, आणि मग तो अतिरेक अनाठायी नव्हता असे वाटू लागते.

अखेरच्या भागाला ‘शॅम्पेनचे गीत’ का म्हणतात?

परंपरेने म्हणतात, इतकेच. मूळ गीताच्या शब्दांत शॅम्पेनचा उल्लेख नाही, तेथे केवळ ‘विनो’, म्हणजे वाईन, हा शब्द आहे. बी फ्लॅट मेजरमधील हे गीत गायकाला श्वास घ्यायलाही जेमतेम सवड देते आणि दीड मिनिटाच्या आत संपते. लिस्टने त्याच पट्टीत त्याचा लांबलचक, उसळता शेवट केला आहे. गीताची छोटीशी उडती आकृती तो एका हातातून दुसऱ्या हातात फेकतो, तिच्यावर नवे मजले चढवतो आणि ऐन रंगात पुतळ्याची धमकी परत आणतो. मूळ ऑपेरात मेजवानीचे गीत गाणाऱ्या डॉनला पुतळ्याची कल्पनाही नसते. येथे मेजवानी आणि मृत्यू एकाच टेबलाशी बसवलेले आहेत, आणि हे संगीत मोझार्टचे असले तरी ही भेट लिस्टने घडवून आणलेली आहे.

याला अरेंजमेंट म्हणावे, ट्रान्सक्रिप्शन म्हणावे की स्वतंत्र रचना?

अरेंजमेंट म्हणजे मूळ संगीताची दुसऱ्या वाद्यासाठी केलेली जुळणी आणि ट्रान्सक्रिप्शन म्हणजे ते शक्य तितके जसेच्या तसे उतरवणे. लिस्टच्या कामात या तिन्हींच्या मधल्या अनेक पायऱ्या आढळतात. एका टोकाला बेटहोव्हेनच्या नऊ सिम्फनींची पियानोवरील रूपे आहेत. वाद्यवृंदातील प्रत्येक महत्त्वाची ओळ दोन हातांत बसवण्याचा तो जवळजवळ भाषांतरकाराचा प्रामाणिकपणा आहे. वाग्नरच्या ‘ट्रिस्टान आणि इझोल्ड’ या ऑपेराच्या शेवटाचे त्याने १८६७ मध्ये केलेले पियानो-रूपही मूळ संगीताला धरून चालते. सुरुवातीला त्याच ऑपेरातील दुसऱ्या अंकाचे चार बार मात्र त्याने स्वतःहून जोडले. मधल्या पायरीवर व्हेर्दीच्या ‘रिगोलेत्तो’तील चौघांच्या गीतावरचा पॅराफ्रेझ आहे, ज्यात एकच प्रसंग घेऊन तो फुलवलेला आहे. दुसऱ्या टोकाला ‘रेमिनिसान्स’ या नावाच्या रचना येतात. बेल्लिनीच्या ‘नॉर्मा’वरील अशीच एक रचना १८४१ चीच आहे. या प्रकारात ऑपेराचे तुकडे वेगळे काढून त्यांची नव्याने जुळणी केलेली असते.

म्हणून ‘डॉन जुआन’ला अरेंजमेंट म्हणणे चूक नाही, पण अपुरे आहे. सूर मोझार्टचे आहेत आणि मांडणी, क्रम, वजन, पियानोचा नाद हे सारे लिस्टचे आहे.

दुसऱ्याचे संगीत असे घेणे त्या काळी गैर मानले जात नव्हते का?

नव्हते, उलट ती नित्याची गोष्ट होती. ध्वनिमुद्रण अस्तित्वात नव्हते. ऑपेरा पाहायचा तर नाट्यगृह असलेल्या शहरात राहणे आणि तिकीट परवडणे, दोन्ही आवश्यक होते. पियानो मात्र मध्यमवर्गीय घरांत झपाट्याने पोहोचत होता, आणि गाजलेल्या ऑपेरांची पियानोवरील रूपे छापणे हा प्रकाशकांचा भरभराटीचा व्यवसाय होता. घरी वाजवायच्या सोप्या आवृत्त्या एकीकडे निघत, तर दुसरीकडे जाहीर कार्यक्रमात थक्क करून सोडणाऱ्या फॅन्टसी, म्हणजे ओळखीच्या चालींवर मोकळेपणाने बांधलेल्या रचना, लिहिल्या जात. सिगिस्मोंड थाल्बर्ग हा या प्रकारातला लिस्टचा मोठा प्रतिस्पर्धी होता. ३१ मार्च १८३७ रोजी पॅरिसमध्ये राजकन्या बेलजिओयोझो हिच्या दिवाणखान्यात दोघांनी एकाच कार्यक्रमात वादन केले, तेव्हा थाल्बर्गने रोसिनीच्या ‘मोझेस’वरील आणि लिस्टने पाचिनीच्या ‘निओबे’वरील आपापली फॅन्टसी सादर केली. म्हणजे त्या प्रसिद्ध सामन्यात दोघांचीही शस्त्रे दुसऱ्यांच्या ऑपेरांतूनच आलेली होती.

हयात संगीतकारांना यातून तोटा होण्याऐवजी बहुधा फायदाच होई. वाग्नरचे संगीत फारसे कोणी ऐकलेले नव्हते, तेव्हा लिस्टने ‘टानहॉयझर’च्या ओव्हर्चरचे पियानो-रूप केले आणि १८५० मध्ये वायमारला ‘लोहेनग्रिन’चा पहिला प्रयोगही स्वतः संचालित केला. मोझार्टला अशा मदतीची गरज नव्हती. त्याच्या मृत्यूला तेव्हा पन्नास वर्षे होत होती आणि ‘डॉन जिओव्हानी’ युरोपभर परिचित होता. श्रोत्यांना गीते पाठ असत, त्यामुळे शब्दांवाचूनही प्रसंग ओळखू येई. आज ही रचना प्रथम ऐकणाऱ्याला काहीतरी निसटल्यासारखे वाटते, ते नेमके या ओळखीच्या अभावामुळे.

आपल्याकडे मैफलीत नाट्यपद रंगवतात, तसेच हे आहे का?

काही अंशी होय. नाटकातला प्रसंग, नेपथ्य आणि पोशाख बाजूला ठेवून गायक मैफलीत एखादे नाट्यपद घेतो, आलाप-तानांनी ते वाढवतो आणि ज्याने नाटक पाहिले आहे त्याच्या मनात तो प्रसंग आपोआप जागा होतो. लिस्टचा श्रोताही असाच जाणता होता. फरक असा, की नाट्यपद वाढवणारा गायक त्या त्या वेळी सुचेल तसे वाढवतो, तर लिस्टची छापील रचना स्वरन् स्वर लिहिलेली आहे. शिवाय मैफलीत सहसा एकच पद रंगते. येथे तीन प्रसंग एकमेकांसमोर उभे करून त्यांचा अर्थ बदलला आहे. साम्य ओळखीच्या आनंदापुरते आहे, ते त्याहून पुढे ताणू नये.

लिस्टच्या आधी या युगुलगीतावर आणखी कोणी रचना केली होती का?

पुष्कळांनी केली होती. बेटहोव्हेनने दोन ओबो आणि इंग्लिश हॉर्न या वाद्यांसाठी त्यावर व्हेरिएशन्स लिहिली. शोपाँने १८२७ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, पियानो आणि वाद्यवृंदासाठी आपली व्हेरिएशन्स रचली. ती त्याची ओपस २, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाची छापील कृती, म्हणून छापली गेली, आणि त्यांच्यावरच रॉबर्ट शुमानने १८३१ मध्ये तो सुप्रसिद्ध लेख लिहिला, ज्यात एक पात्र टोप्या काढून या प्रतिभावंताला वंदन करायला सांगते. शोपाँला त्या चालीत रस होता. चालीभोवतीचे नाट्य त्याने फारसे आणले नाही. लिस्टशी तुलना करण्यासाठी ही दोन्ही एकापाठोपाठ ऐकावीत. एकच धून, पण एकाकडे दिवाणखान्याची झळाळी आहे आणि दुसऱ्याकडे स्मशानाची सावली.

ही रचना वाजवायला खरोखर इतकी कठीण आहे का?

होय, आणि यात अतिशयोक्ती नाही. दोन-दोन स्वरांच्या जोड्यांनी वेगात धावणाऱ्या क्रोमॅटिक ताना, म्हणजे काळ्या-पांढऱ्या प्रत्येक पट्टीवरून जाणाऱ्या ताना, दोन्ही हातांच्या लांब उड्या, सप्तकांच्या सलग सरी, हे सर्व तिच्यात आहे. त्यातच अवघड भाग चालू असतानाही चाल गायल्यासारखी वाटली पाहिजे, ही खरी कसोटी. लिस्टपर्यंत पियानोही बदललेला होता. मोझार्टच्या काळचा पियानो पाच सप्तकांचा आणि हलक्या आवाजाचा होता. एरार या कारखान्याने १८२१ मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रणेमुळे पट्टी पूर्ण वर येण्याआधीच तोच स्वर पुन्हा वाजवता येऊ लागला. लिस्टचे बरेचसे वेगवान लेखन या सोयीवाचून कागदावरच राहिले असते.

सावधगिरीचे उदाहरण म्हणून अलेक्झांडर स्क्र्याबिन या रशियन संगीतकाराचे नाव घेतले जाते. मॉस्को कॉन्झर्व्हेटरीत शिकत असताना, १८९१ मध्ये, हीच रचना आणि बालाकिरेव्हची ‘इस्लामेय’ यांच्या अतिसरावाने त्याचा उजवा हात दुखावला. पुढे हात बरा झाला, पण दरम्यान डाव्या हाताची त्याची तयारी इतकी वाढली, की १८९४ मध्ये त्याने केवळ डाव्या हातासाठी एक प्रेल्यूड आणि एक नॉक्टर्न लिहिले. तेव्हा पियानो शिकणाऱ्यांनी उत्साहाच्या भरात या रचनेला हात घालू नये. युगुलगीताची पहिली, साधी मांडणी तेवढी शिकण्याजोगी आहे, आणि ती पुष्कळ काही शिकवते.

दोन पियानोंसाठीही ही रचना आहे का?

आहे. लिस्टने स्वतःच ते रूप तयार केले आणि ते १८७७ मध्ये छापले गेले. सूचीत त्याचा क्रमांक एस. ६५६ आहे. संवाद दोन वाद्यांत विभागला गेल्याने ऐकायला ते अधिक मोकळे वाटते. मात्र एकट्या माणसाने तिन्ही पात्रे पेलण्यातला ताण त्यात हरवतो.

मोझार्टच्या ऑपेरांवर लिस्टची आणखी काही रचना आहे का?

‘फिगारोचे लग्न’ आणि ‘डॉन जिओव्हानी’ या दोन्हींवर मिळून त्याने १८४० च्या दशकाच्या आरंभी एक फॅन्टसी रचली आणि ती वाजवलीही, पण हस्तलिखित अपुरे राहिले. फेरुच्चो बुसोनी या पियानोवादक-संगीतकाराने ते पूर्ण करून १९१२ मध्ये प्रसिद्ध केले. बुसोनीने त्यातला ‘डॉन जिओव्हानी’चा भाग काढून टाकला. त्यामुळे ती बहुधा ‘फिगारो फॅन्टसी’ म्हणून वाजते आणि कधी कधी तिची गल्लत एस. ४१८ शी होते. बुसोनीने ‘डॉन जुआन’ची स्वतंत्र संपादित आवृत्तीही काढली. विसाव्या शतकात या प्रकारच्या रचनांना ‘सर्कशीतली करामत’ म्हणून हिणवण्याची फॅशन पडली, तेव्हा त्यांची बाजू घेणाऱ्यांत तो अग्रणी होता.

कार्यक्रमपत्रिकेत संगीतकार म्हणून कोणाचे नाव द्यावे?

‘मोझार्ट–लिस्ट’ असे जोडनाव देण्याची पद्धत आहे आणि ती न्याय्य आहे. एका छोट्या कार्यक्रमाच्या पत्रिकेत ही रचना केवळ मोझार्टच्या नावावर छापलेली पाहिल्याचे आठवते. शेजारी बसलेले एक वयस्क गृहस्थ पहिल्या जड स्वरसमूहालाच दचकले आणि मोझार्ट असा कधी झाला, म्हणून पुटपुटले. चूक त्यांची नव्हती. उलट, केवळ लिस्टचे नाव देणेही बरोबर नाही, कारण मग युगुलगीताची चाल त्याचीच आहे असा समज होतो. जागा असेल तर त्या तीन प्रसंगांची नावे द्यावीत. श्रोत्याला लांबलचक चरित्रापेक्षा त्यांचा उपयोग अधिक होतो.

स्वरलिपी मिळवण्यात किंवा रचना सादर करण्यात स्वामित्वहक्काची अडचण आहे का?

मूळ रचनेबाबत नाही. भारतात सांगीतिक कृतीवरील हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. मोझार्टचा मृत्यू १७९१ मध्ये, लिस्टचा १८८६ मध्ये आणि बुसोनीचा १९२४ मध्ये झाला. जुन्या छापील आवृत्त्यांच्या प्रती सार्वजनिक संग्रहांतून विनामूल्य उतरवून घेता येतात. अलीकडच्या संपादित आवृत्त्या आणि ध्वनिमुद्रणे यांवर मात्र स्वतंत्र हक्क असू शकतात. चित्रफितीत एखादे ध्वनिमुद्रण पार्श्वसंगीत म्हणून वापरण्यापूर्वी ते तपासून घ्यावे.

कोणाचे वादन ऐकावे?

वेगाची मर्यादा कुठपर्यंत जाते हे कळण्यासाठी सायमन बॅरेरेचे १९३० च्या दशकातील ध्वनिमुद्रण ऐकावे. युगुलगीत खऱ्या अर्थाने ‘गायलेले’ ऐकायचे असेल तर होर्हे बोलेत घ्यावा. तो घाई करत नाही, आणि त्याच्या वादनात पुतळ्यालाही पुरेसा वेळ मिळतो. लिस्टचे समग्र पियानो-संगीत ध्वनिमुद्रित करणाऱ्या लेस्ली हॉवर्डचे वादन संदर्भासाठी उत्तम. लांग लांगने २००३ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये केलेले सादरीकरणही ध्वनिमुद्रित आहे. त्यात नाट्य भरपूर आहे, काहींना ते जास्तही वाटेल.

आधी ऑपेरा ऐकावा की ही रचना?

संपूर्ण ऑपेरा हाताशी असेल आणि एक संध्याकाळ मोकळी असेल, तर प्रश्नच नाही. तसे नसेल तर पुढील क्रम सोयीचा पडतो. ओव्हर्चरची पहिली दोन-अडीच मिनिटे ऐकावीत. त्यानंतर दुसऱ्या अंकातील स्मशानाचा प्रसंग घ्यावा, पण त्यातील पुतळ्याची दोन वाक्ये चुकवू नयेत. ती इतकी आखूड आहेत की लक्ष थोडे उडाले तरी निघून जातात. मग युगुलगीत दोनदा ऐकावे, आणि दुसऱ्या वेळी झेर्लिनाच्या पहिल्या उत्तरातील जादा दोन बार मोजून पाहावेत. शेवटी मेजवानीचे गीत ऐकावे. हे सारे मिळून पंधरा-वीस मिनिटांचे काम आहे. त्यानंतर लगेच लिस्ट लावावा, आणि पहिला स्वरसमूह विरेपर्यंत आवाज कमी करू नये.